मुदती पुढे ढकलून गरिबांची बिलं कमी होत नाहीत

ब्रिटनच्या सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये घरांतले गॅस बॉयलर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आपलाच बेत पातळ केला. नेदरलँड्समध्ये २०२६पासून लागू व्हायची हायब्रिड हीट पंपांची सक्ती २०२४ साली आलेल्या सरकारने अमलात येण्याआधीच सोडून दिली. जर्मनीत २०२५च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या आघाडीने ‘हीटिंगचा कायदा’ रद्द करू, असं आपल्या करारातच लिहून टाकलं. या तीन बातम्यांची मोट बांधून जो निष्कर्ष काढला जातो, तो मी इथे इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत वाचतो आणि इथल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावरही ऐकतो. सरकारं लोकांच्या घरात नाक खुपसायला गेली, थंडीत न चालणारं यंत्र गळ्यात मारायला निघाली, गरिबांना न परवडणारा खर्च लादू लागली. शेवटी शहाणपण सुचलं आणि मागे फिरली, असा तो निष्कर्ष. यातलं एकेक विधान मला चुकीचं वाटतं. पण शेवटचं, गरिबांच्या नावाने केलेलं, मला सर्वांत जास्त खुपतं. या माघारीने गरिबांना दिलासा मिळालेला नाही. माघारीचं बिल त्यांच्याच नावावर फाडलं जाणार आहे.

आधी मुळात ठरलं काय होतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलेलं असतं. चालू बॉयलर उखडून न्यायला कोणीही येणार नव्हतं, ना ब्रिटनमध्ये ना जर्मनीत. ब्रिटनचा बेत एवढाच होता, की २०३५नंतर नवा गॅस बॉयलर बसवायचा नाही. जर्मनीचा कायदा जानेवारी २०२४पासून लागू झाला. त्यानुसार नव्या हीटिंगमधली किमान ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून यायला हवी होती. तीही अट जुन्या घरांना लगेच नव्हती. आधी नगरपालिकांनी आपापल्या गावाचा उष्णतेचा आराखडा करायचा होता: एक लाखाहून मोठ्या शहरांनी २०२६च्या मध्यापर्यंत, लहानांनी २०२८च्या मध्यापर्यंत. बिघडलेला बॉयलर दुरुस्त करून वापरायला मोकळीक होती आणि खनिज इंधनाला अखेरची मुदत होती २०४४ सालच्या शेवटाची. वर खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त २१ हजार युरोंचं अनुदान.

पण कायद्याचा कच्चा मसुदा फेब्रुवारी २०२३मध्ये फुटला आणि ‘बिल्ड’ या खपाच्या वर्तमानपत्राने त्याला हातोड्याची उपमा देऊन मोहीमच उघडली. अंतिम कायदा येईपर्यंत लोकांच्या मनात भीती पक्की झाली होती. त्या एका वर्षात जर्मनांनी सुमारे ७ लाख ९० हजार गॅसची यंत्रं विकत घेतली. त्याच जर्मनीत जाळलेल्या इंधनातल्या कार्बनवरचा दर २०२१मध्ये टनाला २५ युरो होता, तो २०२५मध्ये ५५ युरो झाला. घाबरून घेतलेली ती यंत्रं वीस वर्षं चालतील आणि त्या वीस वर्षांत हा दर कोणत्या दिशेने जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. भीती पेरणाऱ्यांनी त्या बिलांची जबाबदारी घेतलेली मी तरी पाहिली नाही.

आता घरात नाक खुपसण्याबद्दल. इंग्लंडच्या घरात गॅस आणला कोणी? ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुरकं बसलं. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ४ हजार माणसं दगावली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग ठरवण्याचा अधिकार मिळाला. दिवाणखान्यातली कोळशाची उघडी शेगडी म्हणजे इंग्रज घराचं काळीज. तिथपर्यंत कायदा पोचला. पण तो नुसता हुकूम घेऊन पोचला नाही. शेगडी बदलण्याच्या खर्चातला सत्तर टक्के भाग सार्वजनिक तिजोरीतून परत मिळत होता.

पुढे उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोवर शहरांत कोळशापासून केलेला गॅस जळत होता आणि त्याच्या बर्नरवर नवा वायू नीट जळत नव्हता. म्हणून १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सरकारी मालकीच्या गॅस उद्योगाने देशातल्या घरांचं रूपांतर केलं. एकेक भाग घ्यायचा, तिथला पुरवठा बंद करायचा, दारोदार माणसं पाठवून प्रत्येक शेगडी, प्रत्येक गीझर, प्रत्येक हीटरचे सुटे भाग बदलायचे आणि मग पुढची गल्ली. सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहक आणि साडेतीन ते चार कोटी उपकरणं या कामात हाताळली गेली. दारात आलेल्या माणसाला ग्राहकाने वेगळे पैसे द्यायचे नव्हते. हे सगळं ज्यांच्या आईवडिलांच्या घरात घडलं, तीच पिढी आज सांगते की घर कशावर तापवायचं यात सरकारचं काय काम.

घराच्या उंबरठ्याचं पावित्र्य खरोखर कोणी मोडलं, हेही या निमित्ताने आठवावं. २०२२ साली गॅस-विजेची बिलं थकलेल्या घरांत कोर्टाचे वॉरंट घेऊन, प्रसंगी कुलूप तोडून, आगाऊ पैसे भरायचे मीटर बसवले गेले. एका वर्षात ९० हजारांहून जास्त. फेब्रुवारी २०२३मध्ये एका मोठ्या गॅस कंपनीचे कंत्राटदार आजारी आणि असहाय लोकांच्या घरांत कसे शिरतात हे वर्तमानपत्राने उघड केलं, तेव्हा कुठे नियामकाने ते थांबवलं. घराच्या स्वातंत्र्याची आज जी मंडळी ग्वाही देतात, त्यांच्यातले बरेचसे तेव्हा गप्प होते.

थंडीचा मुद्दा थोडक्यात संपवतो, कारण त्यात फार दम नाही. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. आपल्या फ्रिजमध्ये हेच काम उलट्या दिशेने चालतं. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हे यंत्र आहे. स्वीडन आणि फिनलंड त्याच्या फार मागे नाहीत. नॉर्वेने तर खनिज तेलावर इमारती तापवायला २०२०पासून बंदीच घातली. तिथल्या हिवाळ्यापुढे लंडनचा हिवाळा म्हणजे महाबळेश्वरचा डिसेंबर. राहिला प्रश्न इंग्लंडच्या जुन्या घरांचा. सरकारच्याच एका चाचणीत वेगवेगळ्या काळातल्या ७४२ घरांत हीट पंप बसवून पाहिले, त्यांत व्हिक्टोरियन काळातली रांगेतली घरंही होती. कुठल्याही प्रकारचं घर या यंत्राला अयोग्य ठरलं नाही. एक युनिट वीज देऊन वर्षाच्या सरासरीने सुमारे २.८ युनिट उष्णता मिळाली. काम मात्र नीट करावं लागतं: रेडिएटर मोठे लागतात, पाण्याचं तापमान कमी ठेवावं लागतं, माळ्यावर उष्णतारोधक थर लागतो. कामचुकार कारागिराने बसवलेला हीट पंप घर गार ठेवतो आणि बिल चढवतो, अशा तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर उपाय कारागीर शिकवण्याचा आहे. पण २०३५ची तारीख खरी की खोटी हेच कळत नसताना गॅसचं चांगलं चाललेलं काम सोडून नवं शिकायला कोण जाईल?

बिलाबद्दल विरोधकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग आहे. एक युनिट वीज देऊन २.८ युनिट उष्णता मिळत असेल आणि वीज चौपट महाग असेल, तर हिशेब गॅसच्या बाजूने झुकतो. शाळेतलं पोरही हे गणित करेल. पण ही चौपट आली कुठून? अनुदानित पवनऊर्जेचा, गरीब घरांच्या मदतीचा, अशा अनेक धोरणांचा खर्च सरकारांनी वर्षानुवर्षं विजेच्या बिलावर चढवला आणि गॅसच्या बिलावर त्यातला थोडाच भाग टाकला. शिवाय ब्रिटनच्या बाजारात विजेचा दर बहुतेक वेळा गॅसवर चालणारी केंद्रंच ठरवतात, त्यामुळे गॅस महागला की वीजही महागते. म्हणजे कराची रचना खनिज इंधनाच्या बाजूने करायची आणि मग म्हणायचं, पाहा, बाजारात वीज हरली. हा दर निसर्गाने ठरवलेला नाही. तो अर्थसंकल्पात ठरतो आणि अर्थसंकल्पातच बदलता येतो.

आणि आता मूळ मुद्दा. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ३० लाख घरं गॅसच्या जाळ्याला जोडलेली आहेत. रस्त्याखालच्या या नळांतून वायू कमी वाहिला म्हणून नळांचा खर्च कमी होत नाही. गळती शोधायची, गंजलेला तुकडा बदलायचा, दाब राखायचा, रात्री-अपरात्री माणूस पाठवायचा. शंभर घरांसाठी जे करावं लागतं तेच वीस घरांसाठीही करावं लागतं. तो खर्च जेवढे ग्राहक उरतात तेवढ्यांत वाटला जातो. बंदी असो वा नसो, ग्राहक कमी होणारच आहेत, कारण लोक हीट पंप बसवायला लागलेच आहेत. प्रश्न इतकाच, की आधी कोण बाहेर पडतं?

ज्याचं स्वतःचं घर आहे, अंगण आहे, बँकेत शिल्लक आहे, छपरावर सौर पॅनेल आहेत, तो आधी बाहेर पडतो. भाडेकरू बाहेर पडू शकत नाही, कारण बॉयलर घरमालकाचा असतो आणि बिल भाडेकरूचं. मागच्या वीस वर्षांत इथे आलेली कितीतरी मराठी मंडळी, विद्यार्थी, नर्सेस, आयटीतली जोडपी, अशाच भाड्याच्या घरांत राहतात. विटांच्या लांबच लांब रांगा, एकेरी काचेच्या खिडक्या, कोपऱ्यात ओल. पेन्शनीवर जगणारी इंग्रज म्हातारी बाई बाहेर पडू शकत नाही, कारण अनुदान धरूनही उरलेले काही हजार पौंड तिच्याकडे नाहीत. श्रीमंत घरं जसजशी सुटतील तसतसा उरलेल्यांवरचा नळांचा बोजा वाढेल. बोजा वाढला की आणखी काही सुटतील. शेवटी या देशातलं सर्वांत गरीब घर सर्वांत महाग गॅस जाळत बसलेलं असेल. सरकारने ठरलेली तारीख पाळली, तर जाळं गल्लीगल्लीने बंद करता येतं, खर्च आधीच सगळ्यांत वाटता येतो आणि दुबळ्याला आधी सोडवता येतं. तारीख मोडली की जो तो आपापला सुटतो आणि मागे राहायचं ते दुबळ्यालाच.

हे भाकीत मी हवेतून काढलेलं नाही. जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या ऊर्जा कंपनीने २०२४च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, की २०३५पर्यंत आपण शहरातलं गॅसचं जाळं बंद करण्याच्या बेतात आहोत. बर्लिनमधले पुढारी कायदा गाडण्याच्या घोषणा करत असताना नळांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली होती. तिथल्या लोकांना धक्का बसला, साहजिकच. पण त्यांना निदान दहा वर्षं आधी कळलं. आदल्याच वर्षी ज्याने भीतीपोटी नवा गॅस बॉयलर बसवला असेल, त्याला हे कोणी सांगितलं होतं?

नळांतून पुढे हायड्रोजन सोडू, बॉयलर तसेच राहू द्या, असंही एक आश्वासन बराच काळ फिरत होतं. इंग्लंडमधल्या एल्समियर पोर्टच्या व्हिटबी भागात त्याचा प्रयोग ठरला होता. रहिवाशांनी विरोध केला आणि जुलै २०२३मध्ये तो सोडून द्यावा लागला. रेडकार गावातला दुसरा प्रयोगही त्याच डिसेंबरात बारगळला. विजेपासून हायड्रोजन करून तो घरात जाळायचा, तर तीच उष्णता हीट पंपाने द्यायला जेवढी वीज लागते त्याच्या पाच-सहा पट वीज लागते. बॉयलर विकत राहण्यासाठी हे स्वप्न सोयीचं होतं, एवढंच.

माघारीला शहाणपण म्हणणाऱ्यांनी आधीच्या माघारींचा हिशेब द्यावा. ब्रिटनने २००६मध्ये ठरवलं होतं, की २०१६पासून बांधलं जाणारं प्रत्येक नवं घर कार्बनमुक्त असेल. अंमल सुरू व्हायला काही महिने उरले असताना, २०१५मध्ये तो नियम रद्द झाला. दरम्यान २०१३मध्ये घरांना उष्णतारोधक थर घालण्याच्या योजना बदलल्या, आखडल्या आणि माळे झाकण्याचं काम एका वर्षात ९० टक्क्यांहून अधिक घसरलं. बिलांवरचा भार हलका करायचा म्हणून हे केलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग युक्रेनवर हल्ला झाला. एका सर्वसाधारण घराच्या वर्षाच्या ऊर्जाबिलाची मर्यादा एप्रिल २०२१मध्ये १,१३८ पौंड होती, ती जानेवारी २०२३साठी ४,२७९ पौंडांवर गेली. सरकारला २,५०० पौंडांची हमी द्यावी लागली, वर प्रत्येक घराला ४०० पौंडांची सूट. अब्जावधी पौंड धुराड्यातून गेले. ज्या घरांचे माळे झाकायचे राहिले होते, तीच घरं तापवण्यासाठी गेले.

त्या भाववाढीची झळ भारतालाही लागली. महाराष्ट्रातल्या वाचकाने युरोपातल्या बॉयलरचा विचार का करावा याचं उत्तर त्यात आहे. भारतात देशी नैसर्गिक वायूचा दर तेव्हा ज्या सूत्राने ठरत असे, त्यात ब्रिटनच्या गॅसबाजाराचा भाव हा एक घटक होता; हे सूत्र एप्रिल २०२३मध्ये बदललं. एप्रिल २०२२मध्ये या सूत्राने देशी वायू २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर नेला, ऑक्टोबरमध्ये ८.५७वर. दरम्यान गेल या भारताच्या सरकारी गॅस कंपनीला ठरलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप वायू, मिळेनासा झाला, कारण ज्या कंपनीशी करार होता ती रशियन कंपनीची युरोपातली शाखा जर्मन सरकारच्या ताब्यात गेली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताकडे येणारी जहाजं थांबली. गेलने खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा गॅस कापला. मुंबईत व्हॅट कमी झाल्यामुळे एप्रिल २०२२च्या सुरुवातीला ६० रुपये किलोवर उतरलेला सीएनजी ऑगस्टमध्ये ८६ रुपयांवर पोचला. अंधेरीच्या रिक्षावाल्याने आणि लीड्समधल्या भाडेकरूने एकाच बाजारात एकाच इंधनासाठी पैसे मोजले. युरोपातली घरं त्या बाजारातून जितकी लवकर उठतील, तितका पुढचा भडका सगळ्यांसाठीच लहान असेल.

तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २०२३ची ती माघार ज्या भाषणात जाहीर केली, त्यातली एक गोष्ट फारशी कोणी उगाळत नाही. बॉयलरच्या तारखेतून पाचव्या हिश्शाच्या घरांना सूट मिळाली, तेलाच्या बॉयलरची २०२६ची मुदत २०३५वर गेली, हीट पंपाचं अनुदान ५ हजारांवरून ७,५०० पौंडांवर आलं. हे सगळं गाजलं. पण त्याच भाषणात घरमालकांवर यायचं एक बंधनही काढून टाकलं गेलं: भाड्याने दिलेलं घर ऊर्जेच्या ठरावीक दर्जाचं करून देण्याचं. सांगितलं काय, तर सामान्य कुटुंबांना वाचवतोय. वाचला घरमालक. भाडेकरूने पुढचे हिवाळे त्याच गळक्या खिडक्यांत काढले. बॉयलर कंपन्यांचंही तसंच झालं. दरवर्षी ठरावीक प्रमाणात हीट पंप विका नाहीतर दंड भरा, असा नियम येऊ घातला, तेव्हा त्यांनी बॉयलरच्या किमती वाढवल्या आणि त्या वाढीला सरकारी कराचं नाव दिलं. सरकारने नियम वर्षभर पुढे ढकलला. २०२४मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही २०३५च्या बंदीला पुन्हा हात घातला नाही. २०२८पर्यंत वर्षाला ६ लाख हीट पंप बसवायचे ठरले होते. २०२४मध्ये विकले गेले जेमतेम एक लाख.

गरिबांची काळजी असलेल्या सरकारने करायच्या गोष्टी अवघड नाहीत, गुप्तही नाहीत. विजेच्या बिलावरचे धोरणांचे बोजे उतरवून ते करांतून भागवावेत, म्हणजे चौपटीचं गणित मोडेल. भाड्याच्या घराचा बॉयलर घरमालकाने बदलावा आणि त्याबद्दल भाडं चढवू नये, असा कायदा करावा. गॅसच्या जाळ्यातली कुठली गल्ली कुठल्या वर्षी बंद होणार याची यादी नगरपालिकेने छापावी आणि त्या यादीत भाडेकरूंच्या, पेन्शनरांच्या, आगाऊ मीटरवर जगणाऱ्यांच्या गल्ल्या आधी घ्याव्यात, अंगणवाल्यांच्या नंतर. १९५६च्या कायद्यासारखा खर्चाचा सत्तर टक्के भाग तिजोरीने उचलावा. ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांचा शंभर टक्के. आणि एकदा छापलेली तारीख पुढच्या पंतप्रधानाला एका भाषणात खोडता येऊ नये, म्हणून ती संसदेच्या कायद्यात लिहावी.